घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमाने लाकूड वगैरे कापणारं मशीन) गोल कापला की अंडाकृती येतो. स्पिंडल (कापायचं हत्यार फिरवणारी मोटर) बदलू का?

नको, स्पिंडलचा यात काही दोष नाही. आधी तो गोल नीट बघा. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, जिथे एक्स किंवा वाय अक्षाची सरकण्याची दिशा उलटते तिथे कडेवर छोटी सपाट जागा किंवा पायरी दिसते का? दिसली तर अक्ष सरकवणाऱ्या स्क्रू आणि नटमध्ये ढिलाई (बॅकलॅश) आहे. गोल तिरका ताणलेला असेल तर एक्स आणि वाय एकमेकांना काटकोनात नाहीत. मोठा चौरस कापून दोन्ही कर्ण मोजा, लगेच कळेल.

ढिलाई मोजायला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावा. अक्ष १० मिमी पुढे न्या, १० मिमी मागे आणा. माझ्या मशीनवर काटा ०.३ मिमी अलीकडेच थांबला होता. पितळी नट काढून स्प्रिंगवाला अँटी-बॅकलॅश नट टाकला, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलरचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आवळले (एक चक्क मोकळा फिरत होता!), आणि काम झालं.

त्यानंतरच स्टेप्सना, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटरने किती पावलं टाकायची त्या आकड्याला, हात लावा. फेऱ्याला २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ भाग) आणि ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) स्क्रू म्हणजे १६०० भागिले ८, मिलिमीटरला २०० स्टेप्स. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) हा आकडा एक्ससाठी $१०० आणि वायसाठी $१०१ या सेटिंगमध्ये भरतात. ढिलाई तशीच ठेवून हे आकडे बदलत बसलात तर दिवसभर मापं जुळणार नाहीत.

पैसे खर्चायचेच असतील तर १६०५ बॉलस्क्रू (नटमध्ये छर्रे असलेला स्क्रू) घ्या. त्याची लीड ५ मिमी, म्हणून स्टेप्स ३२० करायला विसरू नका.