ऑपरेशनच्या आधी इम्युनोथेरपी कशाला?

प्रश्न: आमच्या आबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, लवकरच्या स्टेजचा. रावेरला केळीची शेती आहे. डॉक्टर म्हणता आधी इम्युनोथेरपी मग ऑपरेशन, पण गाठ लगेच काढायची सोडून थांबायचं कशाला?

उत्तर: ताई, घालमेल कळते तुमची. इम्युनोथेरपी म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध. गाठ अंगात असतानाच ते दिलं तर टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींना, कॅन्सरची ओळख पटते आणि ऑपरेशननंतर कुठं काही लपून राहिलं तर त्या ते शोधतील अशी आशा असते. अमेरिकेत ४४ पेशंटवर निओस्टार चाचणी झाली, त्यात ऑपरेशनआधी दिलेल्या एकट्या निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने २२ टक्के लोकांच्या गाठीत जिवंत कॅन्सर १० टक्के किंवा त्याहून कमी उरला, जोडीला इपिलिमुमॅब हे तसंच दुसरं औषध दिल्यावर ३८ टक्के लोकांत. पण चाचणी छोटी होती, केमोसोबत निव्होलुमॅबचा पुरावा जास्त पक्का आहे. बायोप्सीत ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल तपासले का ते आधी विचारा, कारण त्यावरून उपचार बदलू शकतो. आणि उपचार चालू असताना दम वाढला, जुलाब लागले तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरांना फोन करा.