गाविओताचं खरं भांडण जमिनीचं आहे

'काफे कोन आरोमा दे मुहेर' ही कोलंबियन मालिका तुम्ही नेटफ्लिक्सवर पाहिलीत आणि विचारलंत की गरीब मुलगी-श्रीमंत मुलगा यापलीकडे तिच्यात असं काय आहे. तुम्ही पाहिलीत ती २०२१ची नवी आवृत्ती. मूळ मालिका १९९४ची, फर्नांदो गायतान यांनी लिहिलेली. मी दोन्ही पाहिल्या आहेत. माझ्या मते श्रीमंत नायक सेबास्तियानला जरा बाजूला ठेवून पाहिलं तर मालिका जास्त कळते.

गाविओता म्हणजे कुरव, समुद्रपक्षी. नायिकेचं हे टोपणनाव तिला शोभतं, कारण ती आणि तिची आई हंगामामागून फिरणाऱ्या कॉफीतोडणी मजूर आहेत. तिकडे अशा बाईला 'चापोलेरा' म्हणतात. कंबरेला टोपली बांधून, उभ्या चढणीवर, पिकलेलं फळ तेवढं हातानं खुडायचं. आपल्याकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे जगणं वेगळं समजावून सांगायला नको. म्हाताऱ्या मालकानं या मायलेकींना जमिनीच्या तुकड्याचा शब्द दिलेला असतो आणि तो पुरा होण्याआधीच मालक जातो. पुढचं सगळं तिथून सुरू होतं. प्रेम त्या जमिनीवर उगवलेलं आहे.

काळही बघा. कोणत्या देशानं किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटापद्धत १९८९ मध्ये कोसळली आणि भाव जवळपास निम्म्यावर आले. त्याच सुमाराला फळ पोखरणारा भुंगेरा कोलंबियाच्या मळ्यांत शिरला. अशा दिवसांत रोज संध्याकाळी एक चापोलेरा पडद्यावर यायची आणि पुढे कॉफी निर्यातीच्या कचेरीत बसून भावताव शिकायची. मार्गारिता रोसा दे फ्रान्सिस्को यांनी ती नुसती साकारली नाही, तिची गाणीही स्वतः गायली. ज्यांच्या मजुरीवर देशाचं नाव झालं, त्यांच्यातली एक बाई कथेची मालकीण झाली, हे मला फार मोठं वाटतं.

गैरसमजांचे फेरे मात्र लांबतात, हे तुमचं म्हणणं मान्य.

मेक्सिकोत २००७ मध्ये हीच गोष्ट टकिला ही दारू ज्यापासून बनते त्या अगाव्हेच्या मळ्यांत नेली. त्यात नायिका झालेल्या आंखेलिका रिव्हेरा पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झाल्या, तरी वर्तमानपत्रं त्यांना 'ला गाविओता'च म्हणत राहिली. आणि गायतान आपल्याला अगदीच परके नाहीत: सोनीवरची 'जस्सी जैसी कोई नहीं' त्यांच्याच 'बेट्टी' या मालिकेवर बेतलेली होती.

१९९४ची आवृत्ती कुठे मिळाली तर जरूर बघा. सुरुवातीचे मळ्यातले भाग घाई न करता पाहा, विशेषतः आईच्या तोंडी जमिनीचा विषय येतो ते. त्या डोंगराळ कॉफीपट्ट्याला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं ते २०११ मध्ये. गाविओता तिथे सतरा वर्षं आधी टोपली घेऊन उभी होती.