आमच्या वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत नाही. तिचा जुना इतिहास कुठे सापडेल?

वाडीच्या नव्हे, ती ज्या महसुली गावात मोडते त्या गावाच्या नावाने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. दप्तराचे गठ्ठे महसुली गावानिहाय बांधलेले असतात. अर्जात नुसती वाडी लिहिली की 'अभिलेख आढळत नाही' हा शेरा जवळपास ठरलेलाच. फेरफार नोंदवही (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची, गाव नमुना ६) आणि कोतवाल बुक (नमुना १४) मागा. खरा ऐवज कोतवाल बुकात: जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून कोणती घराणी निदान केव्हापासून तिथे आहेत ते कळतं. जुनी पानं बरीचशी मोडीत, त्यामुळे मोडी वाचणारा आधी गाठा. पेशवाईतल्या कागदांसाठी पुणे पुरालेखागारातलं पेशवे दप्तर. मराठवाड्यात मात्र निजामकाळचे बरेच कागद उर्दूत आहेत. तिथे १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून (कोणती जमीन कोणाकडे, याची नोंद) मागे जाणं सोपं.