उपचारांनंतरची सोबत आणि निधीचा विनियोग

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे स्तनाच्या कर्करोगावरील उपचार वर्षभरापूर्वी पूर्ण झाले. तिच्यासारख्यांसाठी पदयात्रा काढून निधी जमवायचे आमच्या गटाने ठरवले आहे. तिने त्या दिवशी व्यासपीठावर बोलावे अशी सर्वांची इच्छा आहे; परंतु ती लवकर थकते आणि हा विषय टाळते. तिचे मन कसे वळवावे? आणि जमलेली रक्कम कोठे द्यावी?

उत्तर : मन वळवू नये, एकदा विचारावे, आणि तिने नकार दिला तर तो विषय पुन्हा काढू नये. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन संपले की भोवतालच्या माणसांच्या लेखी आजार संपतो, तिच्या लेखी मात्र तो इतक्या लवकर संपत नाही. गाठ हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारची असेल, तर त्यावरील गोळ्या साधारणपणे ५ वर्षे आणि काही जणींना १० वर्षांपर्यंत रोज घ्याव्या लागतात. त्यांपैकी काहींमुळे अंगातून एकाएकी वाफा निघाल्यासारखे होते, तर काहींमुळे सांधे दुखतात. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला काही वर्षांनीही सूज येऊ शकते. अनेकींचा थकवा विश्रांती घेऊनही उतरत नाही. शिवाय प्रत्येक तपासणीपूर्वी आजार उलटला तर नसेल ना, ही धास्ती असतेच, आणि ती बोलून दाखवली की ‘आता तू बरी झालीस ना’ हेच ऐकावे लागते. आपण तिच्या पुढच्या तपासणीला सोबत गेलात आणि अहवाल हाती येईपर्यंत तिच्याजवळ थांबलात, तर व्यासपीठावरील सत्कारापेक्षा ते तिला अधिक मोलाचे वाटेल, असे मला वाटते.

आता निधीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना या आजाराचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. जनजागृती आवश्यकच आहे. तरीही टोप्या, सदरे आणि फलकांवरच निम्मी रक्कम खर्ची पडणार असेल, तर पदयात्रेचा घाट घालू नये. संस्था नोंदणीकृत आहे का आणि तिचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतात का, हे आधी तपासावे. त्यानंतर रक्कम कशासाठी वापरायची, हे लेखी ठरवून घ्यावे. उपचारांसाठीचा प्रवास आणि मुक्काम, कृत्रिम स्तन, सुजलेल्या हातासाठी दाब देणारी बाही, फिजिओथेरपी हे खर्च अनेकदा रुग्णालाच सोसावे लागतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. एखादी कंपनी गुलाबी फीत (स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जनजागृतीची खूण) लावलेल्या वस्तू विकून मदत देऊ करत असेल, तर विक्रीतील नेमका किती वाटा मिळणार आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, हे विचारायला संकोचू नये.

पत्रकात ‘कर्करोगावर विजय’ असे शब्द मात्र घालू नयेत. आजार इतर अवयवांत पसरल्यामुळे आयुष्यभर उपचार घेत राहणाऱ्या स्त्रियाही आपल्यासोबत चालणार असतील.