आधी करार बाहेर काढ

बाळा,

तुझा मेसेज वाचला. दोन महिन्यांचं भाडं थकलंय, मालकाचा फोन तू उचलत नाहीस, आणि एजंट म्हणतो एक तारखेला रूम खाली कर. पैशांचं नंतर बोलू. आधी कपाटातून करार काढ आणि वर काय लिहिलंय ते बघ. तुझी बाजू किती भक्कम आहे ते त्यावर ठरणार.

‘नव्वद दिवस कोणी हात लावू शकत नाही’ हे तुला ऑफिसातल्या कोणी सांगितलं ते खोटं नाही, पण ते तुझ्यासाठी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १५ भाडेकरूला सांभाळतं, म्हणजे लालबाग-गिरगावातल्या पागडीच्या, एकरकमी पैसे मोजून कायम भाड्यानं घेतलेल्या खोलीत राहणाऱ्याला. मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तीवर १५ टक्के व्याज आणि खर्च भरला, पुढचं भाडं वेळेवर चालू ठेवलं, तर खोली वाचते. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात नोकरी करताना अशा वाचलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत.

तुझा करार मात्र लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा. तिथे कलम २४ लागतं. मुदत संपूनही तू राहिलास तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि तुला भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागू शकते. तिथलं समन्स आलं, तर ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. समन्स उशीखाली ठेवून झोपलास तर मालकाचंच म्हणणं खरं धरलं जातं. आणि लेखी करारात जे लिहिलंय तोच त्या बाबतीत निर्णायक पुरावा, त्यामुळे ‘काका तोंडी हो म्हणाले होते’ याला तिथे किंमत नाही. मुदत किती उरली आहे, नोटीस किती दिवसांची आहे, हे दोन आकडे मला आज रात्री कळव.

मग मालकाला फोन कर. एजंटला नको, मालकाला. पगार अडकलाय हे सरळ सांग, आणि जमेल तेवढीच रक्कम कबूल कर. मोठेपणानं सगळं पंधरा तारखेला देतो म्हणशील आणि देणार नाहीस, तर पुढच्या वेळी तुझं कोण ऐकेल? ठरलं की लगेच मेसेज टाक: अमुक तारखेला एवढे, उरलेले या हप्त्यांत, किंवा डिपॉझिटमधून वळते करावेत. पैसे यूपीआयनंच दे आणि त्यात कोणत्या महिन्याचं भाडं ते लिही.

पैसे कुठून आणायचे? ऑफिसात उचल मिळते का विचार, पतपेढी असेल तर तिथे जा. लाज वाटेल, वाटू दे. घरचं सोनं बँकेत तारण ठेवणं मला आवडत नाही, पण मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपपेक्षा ते शंभर पटींनी बरं. ती अ‍ॅपवाली मंडळी तुझ्या फोनमधल्या नातेवाइकांनाही सोडत नाहीत. आणि कंपनीनंच पगार दाबून ठेवला असेल, तर भाड्याइतकाच तोही विषय धसास लाव. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे तक्रार देता येते. नेमणूकपत्र आणि बँक स्टेटमेंट बरोबर ने.

मालकानं परस्पर कुलूप बदललं, सामान जिन्यात टाकलं, तर भांडत बसू नकोस. ११२ लाव, फोटो काढ. तुला बाहेर काढायचा त्याचा रस्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडून जातो, एजंटच्या पोरांकडून नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन कर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. तुझी बहीण करारात असती तर उत्पन्नाची अटही नव्हती, स्त्रियांना ती लागत नाही.

आता एक कडू गोष्ट. येत्या दोन महिन्यांत पगार सुरू होण्याची खात्री नसेल, तर ही रूम धरून ठेवू नकोस. डिपॉझिट शिल्लक आहे तोवर लेखी नोटीस देऊन बाहेर पड, मालकाकडून हिशोब लिहून घे आणि डोंबिवलीकडे कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेपुरती भाड्याची जागा बघ. लोकलमध्ये तासभर जास्त लटकावं लागेल. डिपॉझिट भाड्यात जिरल्यावर निघालास तर नवीन जागेसाठी हातात काहीच उरणार नाही, आणि मुंबईत डिपॉझिटशिवाय दार उघडणारा मालक शोधत फिरावं लागेल.

शनिवारी दुपारी मी घरीच आहे. करार, एजंटचे मेसेज आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन ये. जेवून जा.

तुझी,
काकू