त्रिकोणात डोंगर कुठे आहे?

प्रश्न : यू योंग-कुक या कोरियन चित्रकाराच्या ‘पर्वत’ या चित्राचे छायाचित्र नुकतेच पाहण्यात आले. त्यात रंगीत त्रिकोण आणि पट्टे तेवढे आहेत. निसर्ग कुठेच दिसत नसताना अशा चित्रांचे नाते निसर्गाशी का जोडले जाते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पाहिलेले त्रिकोण हेच त्या चित्रातले डोंगर आहेत. यू योंग-कुक (१९१६–२००२) हे कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील उल्जिनचे. समोर समुद्र आणि पाठीशी डोंगर असा हा मुलूख. टोकियोत चित्रकला शिकून १९४३ मध्ये परतल्यावर त्यांनी काही वर्षे मासेमारीचा आणि पुढे मद्यनिर्मितीचा व्यवसाय करून संसार चालवला. त्यांच्या लेखी डोंगर डोळ्यांसमोर नव्हे, तर मनात होता; म्हणूनच झाडे, पायवाटा, खडक गळून पडतात आणि उरतात ते उतार, कडा आणि प्रकाश. एकाच लाल रंगाच्या दोन-तीन छटा शेजारीशेजारी ठेवून ते डोंगरामागचा डोंगर उभा करतात, तेव्हा खोलीचा भास निव्वळ रंगातून होतो.

अशीच निसर्गाशी नाते सांगणारी चित्रे काढणारे दुसरे कोरियन चित्रकार युन ह्योंग-कुन (१९२८–२००७) यांची वाट निराळी आहे, आणि माझ्या मते अधिक कठीणही. त्यांच्या चित्रांत आकारसुद्धा जवळजवळ नाही. १९७३ पासून त्यांनी मुख्यतः निळा आणि मातकट तपकिरी हे दोनच रंग वापरले. निळा म्हणजे आकाश आणि तपकिरी म्हणजे धरती, असे ते मानीत. हे रंग टर्पेंटाइनने पातळ करून ते रुंद कुंचल्याने अस्तर (रंगाआधी लावायचा लेप) न दिलेल्या कापडावर थरावर थर देत, त्यामुळे कागदावर शाई फुटावी तसा रंग कापडात झिरपत जातो आणि थरांमुळे काळ्याशार झालेल्या, खांबांसारख्या उभ्या पट्ट्यांच्या कडेला तेलाची फिकट किनार उमटते. निसर्ग इथे चितारलेला नाही. मुरणे, पसरणे, वाळणे या त्याच्या क्रिया कापडावर घडू दिल्या आहेत. (युन हे ठिपक्यांच्या निळ्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या किम ह्वान-की यांचे जावई, पण सासऱ्यांच्या चित्रांतला झगमगाट त्यांनी घेतला नाही.)

छापील छायाचित्रात ही किनार बहुधा हरवते आणि चित्र नुसते काळे दिसते. तेव्हा युन यांचे मूळ चित्र पाहण्याचा योग आलाच, तर आधी दुरून पाहावे आणि मग कडेपाशी जाऊन, काळ्यातून निळा कुठे डोकावतो ते शोधावे.