दाण्यांचं वजन केलंस का?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गव्हाच्या पानातलं प्रकाशसंश्लेषण वाढलं, पण दाणा जिथल्या तिथे. आता रुबिस्को, म्हणजे पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर, बदलायचं की विषयच सोडायचा, असा तुझा प्रश्न. त्याआधी माझा एक: पानाने पकडलेला कार्बन गेला कुठे?

रुबिस्को संथ आहे, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही उचलतं, हे मला नको सांगूस. त्याच्यामागे माझी बारा वर्षं गेली. 2019 मध्ये प्रकाशश्वसनाला (ऑक्सिजन उचलल्यावर मागची निस्तरण्यात कार्बन वाया घालवणारी प्रक्रिया) आडवाट काढून दिलेल्या तंबाखूचा जैवभार, म्हणजे झाडाचं वाळवलेलं वजन, शेतात 40 टक्क्यांहून जास्त वाढला, तेव्हा मीही हरखलो होतो. पण तंबाखूचं पान हेच पीक! गव्हाचं तसं नाही. बुटक्या गव्हाने उत्पादन वाढवलं ते मुख्यतः काडात जाणारा माल ओंबीकडे वळवून. म्हणून पुन्हा विचारतो, कार्बन गेला कुठे?

मी हे वेळेवर विचारलं नाही. ओंबीखालचं पान प्रकाशसंश्लेषण मोजणाऱ्या यंत्राच्या चिमट्यात धरायचं, आकडा टिपायचा, फुलोऱ्यातच झाड कापून वाळवायचं. एकदा कोपऱ्यातल्या चार कुंड्या कापायच्या राहिल्या. पिकल्यावर ओंब्या तळहातावर चोळल्या, फुंकर मारली. उरले ते सुरकुतलेले, मोजके दाणे. काड मात्र जाडजूड. साखर साठत गेली की पान आपणच काम मंद करतं, हे मी शिकवत होतो, पाहिलं नव्हतं. कुंड्या लहान होत्या, मुळांना जागा नव्हती, हेही खरंच आहे, सबब नव्हे. असो.

तू हे कर. फुलोऱ्यानंतर आठवडाभरात वीस ओंब्यांच्या एका बाजूचे कोवळे दाणे चिमट्याने काढून टाक. शेजारच्या वीस तशाच ठेव. पिकल्यावर एकेका दाण्याचं वजन कर. उरलेले दाणे शेजारच्यांपेक्षा जड झाले तर पानाकडून साखरेचा पुरवठा कमी पडत होता, मग खुशाल रुबिस्कोच्या मागे लाग. नाही झाले, तर पानाला दोष देऊ नकोस. दाण्यांची संख्या वाढवायचं बघ. काड, पानं, ओंबी वेगवेगळी तोल. फुलोऱ्यात एकदा, पिकल्यावर एकदा.

आणि पहिल्या हंगामाचे आकडे घेऊन पळू नकोस. 2022 च्या, प्रकाशसंश्लेषण सुधारलेल्या सोयाबीनच्या शोधनिबंधात काही वाणांच्या उत्पादनात 33 टक्क्यांपर्यंत वाढ दिसली होती; पुढच्या हंगामात पीक लवकर लोळलं आणि फरक उरला नाही. त्यांनी दोन्ही हंगाम छापले. माझी तेवढी छाती नव्हती.

चिमटा बारीक टोकाचा घे. जाड टोकाने शेजारचा दाणाही चिरडतो.